वहिनीचा डबा

दुसऱ्या लाटेत गयाबाई दवाखान्यात होती, तेव्हा तिनेच फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, प्रशिकलाच पाठवा. त्याला थंडीतच कोरोना होऊन गेलाय." भाचा रोज खिचडीचा डबा आणायचा, उशाशी बसून भरवायचा आणि हसून म्हणायचा, "आत्या, टेन्शन मत लो, मला आता वर्षभर काही होत नाही." त्याची इम्युनिटी उन्हाळाभरही टिकली नाही. आत्या घरी आली, भाचा गेला. डबा तिच्याकडेच राहिला. रिकामा डबा परत देत नाहीत आणि त्यात काय भरावं, हे तिला चार वर्षं सुचलं नाही. आज तिने खिचडीच भरली, छत्रीबागेत वहिनीचं दार वाजवलं आणि डबा पुढे केला. वहिनीने डबा उघडला नाही, झाकणावरून नुसता हात फिरवला. "कशाला आणलात, ताई? हा तुमच्याकडे होता, तोवर वाटायचं, प्रशिक डबा द्यायला गेलाय, येईल."