दिवसाचा पहिला फोटो

डाग होता. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, मध्यापासून जरासा खाली. तिळाएवढा, करडा. आणि तो डोळा तिचा स्वतःचा होता.

नेत्रतपासणीच्या दवाखान्यात ती डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायची. दिवसाचा पहिला फोटो नेहमी स्वतःच्या उजव्या डोळ्याचा. यंत्र नीट चालतंय ना, एवढंच पाहायला. हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. यंत्र आपणच डोळा शोधून फोटो काढायचं. नऊ वर्षं रोज तेच चित्र: केशरी गोल आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या लाल रक्तवाहिन्या. कालही अगदी स्वच्छ.

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी एक डाग. मग वर्षभरात समोरच्याचा चेहराच पुसला गेला. आता आई तिला आवाजावरून ओळखायची.

तिनं डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रेघा सरळच होत्या. पण बघता बघता त्या तिला वाकड्या वाटू लागल्या. सकाळी सुईत दोरा ओवायला तीनदा प्रयत्न करावा लागला होता, तेही नेमकं आत्ताच आठवलं. डॉक्टरबाई यायला अजून दोन तास होते. घरी फोन करावा म्हणून तिनं मोबाईल उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"येऊ का आत? की तुझा विचार संपल्यावर येऊ?" पहिला पेशंट दारात उभा होता. एक निवृत्त मास्तर.

"या आजोबा, बसा. हनुवटी इथं टेकवा." तिचा आवाज कापला.

"पोरी, घाबरायचं काम माझं आहे. तू कशाला घेतेस?"

"हलू नका हं."

"चाळीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो. एकानं ऐकलं नाही."

एरवी ती खळखळून हसली असती. लख्ख उजेड चमकला. आजोबांच्या उजव्या डोळ्याचा फोटो यंत्राच्या स्क्रीनवर उमटला. ती बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितलं.

"डाग आहे!" ती ओरडलीच. "आजोबा, तुमच्याही डोळ्यात डाग आहे! अगदी तस्साच! त्याच जागी!"

ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आजोबांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. हनुवटी तशीच टेकवून ते म्हणाले, "अगं, डाग माझ्या डोळ्यात निघाला, आणि तुला एवढा आनंद कसला झालाय?"

तिनं खणातून मऊ कापड काढलं, यंत्राचं गोल भिंग हळूच पुसलं आणि ते कापड उजेडात धरून नीट निरखलं.

"डाग ना तुमच्या डोळ्यात आहे, ना माझ्या, आजोबा. भिंगावर धूळ बसली होती," ती म्हणाली. "आता जरा सरका बघू. तुमचा काढायच्या आधी माझा एकदा काढून घेते."