दुप्पट ताकदीची मोटर

"बसा अण्णा, आता अडणार नाही," शेवटचा बोल्ट आवळत वृंदा वडिलांना म्हणाली.

बागेतला पाण्याची टाकी ओढणारा विजेवरचा छोटा ट्रॅक्टर महिनाभर चढावर अडत होता आणि वरच्या कलमांना पाणी पोचत नव्हतं. मोटर थकली, असं अण्णांनीच निदान केलं होतं. त्यांच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा घरचा नियम. म्हणून वृंदाने जुनी मोटर न तपासताच दुप्पट ताकदीची आणली.

"बघू, तुझी एमएस्सी चढ चढते का!" अण्णा ऐटीत बसले. ट्रॅक्टर निघाला आणि अर्ध्या चढावर पुन्हा थांबला.

ती धावली. वायरी घट्ट होत्या, बॅटरी भरलेली होती. मग तिची नजर वेगाच्या पेडलवर गेली. अण्णांचं पाऊल त्यावर थरथरत होतं. सगळा जोर लावूनही पेडल जेमतेम बोटभर दबलं होतं.

जुन्या मोटरला काहीच झालं नव्हतं.

"हीसुद्धा कुचकामीच गं," घाम पुसत अण्णा म्हणाले. "याहून मोठी मिळत नाही का?"

वृंदाने हातातला पाना पेटीत ठेवला.

"मिळते ना, अण्णा. उद्याच मागवते."