विहिरीतला संत

बाळांनो, दहा वर्षांची एस्तेर डोळ्यांपुढे आणा. घर नगरचं. वडील प्रोटेस्टंट, आई माहेरची कॅथलिक. सुट्टीत ती वसईच्या कोळीवाड्यात मामाकडे आली आहे. निघताना आजोबांनी बजावलंय, "ते लोक मूर्तीपुढे गुडघे टेकतात. तू टेकू नकोस. लाकडाला काय कळतं?"

मामाची होडी दोन दिवस परतलेली नाही. रडून डोळे सुजलेली मामी विहिरीत दोर सोडते आहे. एस्तेर डोकावते आणि किंचाळते. दोराच्या टोकाला संत अंतोनीची मूर्ती उलटी लटकते आहे, डोकं पाण्यात!

"मामी, हे काय? तुम्ही तर याची पूजा करता ना?"

"पूजा देवाचीच गं. हा आपल्या घरच्यासारखा, देवापाशी आपल्यासाठी शब्द टाकणारा. हरवलेलं शोधून देतो म्हणे! मग बस म्हणावं पाण्यात, तुझ्या मामाला आणेपर्यंत."

एस्तेर पुढे होते. मामीच्या हातातून दोर ओढून घेते, मूर्ती वर काढते, फ्रॉकने तिचा ओला चेहरा पुसते. मग तिला छातीशी घट्ट धरून डोळे मिटते.

"प्रभू येशू, मामाला घरी आण. लवकर आण, नाहीतर मामी याला परत बुडवेल."