उंबऱ्यावरची मेणबत्ती

मालिकेचा टीआरपी घसरला, तेव्हा लेखिका रोवेनाने वर्षभरापूर्वी समुद्रात बुडवलेला नायक पुन्हा जिवंत केला. प्रेत दाखवलेलंच नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं. स्मृती गेलेला नायक कुठल्याशा बेटावर जाळी विणत बसला आणि अख्खं फिलिपिन्स परत टीव्हीसमोर बसलं.

मृतांच्या दिवसासाठी ती मनिलाहून समार बेटावर, आईकडे आली. संध्याकाळी गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर मेणबत्त्या तेवत होत्या, फक्त त्यांचाच उंबरा अंधारात होता. वादळात होडीसकट गेलेल्या वडिलांसाठी आई दरवर्षी न चुकता मेणबत्ती लावायची.

"नानाय, मेणबत्त्या संपल्या का गं?" तिने आईला विचारलं.

"संपायला काय झालं? त्या मेलेल्यांसाठी असतात. तुझ्या बापाचं प्रेत पाहिलंय कुणी?"

"अगं, मालिका आहे ती! बसल्या बसल्या लिहिलंय मी."

"माझी पोरगी उगाच काहीबाही लिहील होय? शेजारच्या दमियानलाही मी लग्नाला नाही म्हणून टाकलं. ऐन लग्नात तुझा बाप चर्चच्या दारात उभा राहिला म्हणजे?"

रोवेनाला मान वर करवेना. आई जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगणार नाही मी. त्या तुझ्या नायकाला घर कधी आठवतं गं?"

 

लोक बघतायत तोवर त्याला काहीही आठवू द्यायचं नाही, असं चॅनलने रोवेनाला कालच बजावलं होतं.