आहेस तशी

घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबलेले होते. डावा अर्धा भाग कोरा होता. चित्रासमोर गर्दी उसळली होती. चित्रकाराने भूतकाळच नाकारला आहे, असं एक समीक्षक हातवारे करून सांगत होता आणि माना डोलत होत्या.

गॅलरीवाल्याला तर आकाश ठेंगणं झालं होतं. वर्षभरापूर्वी त्यानेच चित्रकाराला, आता पुरे, असं तोंडावर सांगितलं होतं. तोंडातून फुटणारे जिने, ढगात झोपलेले बैल, पोटाला दारं असलेली माणसं. तरुणपणापासून तेच तेच. लोकांना त्याच्या स्वप्नांचा कंटाळा आला होता. आणि मग ही अर्धी चित्रं आली. अर्धी खुर्ची, अर्धा पूल, अर्धा घोडा. म्हातारपणी गड्याला नवा सूर सापडला म्हणून सगळे तोंडात बोटं घालत होते.

चित्रकाराची बायको मात्र भिंतीला टेकून धुमसत होती. शेजारीच तिचं चित्र टांगलं होतं. एक डोळा, एक कान, अर्धं तोंड, बाकी कोरा कॅनव्हास. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं होतं, एकदा तरी मला आहे तशी काढा. त्याने तिला कधी मासोळी केलं, कधी किटली, कधी पंख फुटलेलं कपाट. ती हसण्यावारी न्यायची. या खेपेला तो आपणहून म्हणाला, बस समोर, तुझंच काढतो. ती कितीतरी दिवस मान न हलवता बसली. आणि शेवटी पदरात काय पडलं, तर ही थट्टा. तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

तशी थट्टा त्या घराला नवी नव्हती. तरुणपणी तो हातात बूट घालून बाजारात गेला होता. एकदा छत्री उघडून जेवायला बसला होता. त्यामुळे हल्ली तो अर्धीच दाढी करू लागला, कोटाची एक बाही लोंबती ठेवून फिरू लागला, तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. गॅलरीवाल्याने तर त्या अर्ध्या दाढीचा फोटो निमंत्रणावर छापला.

गॅलरीवाल्याचा मेहुणा मेंदूचा डॉक्टर होता. एखाददुसरं चित्र घेईल म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो घड्याळासमोर बराच वेळ उभा राहिला. मग घोड्यासमोर, मग पुलासमोर. किंमत त्याने विचारलीच नाही. बायकोच्या चित्राशी आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने तिला हलक्या आवाजात विचारलं, "जेवताना ताटातलं डावीकडचं तसंच ठेवतात का हे?"

ती कसनुसं हसली. "तुम्हाला कुणी सांगितलं? ताट फिरवून दिलं की खातात, आणि वर विचारतात, आत्ता वाढलंस का म्हणून. खोड्याच आहेत अंगात."

"डोकं दुखतं?"

"सकाळी उठल्यावर. फार."

डॉक्टर म्हणाला, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण डोक्यात उजव्या बाजूला काहीतरी वाढत असावं. डावीकडचं जगच त्यांच्यासाठी उरलेलं नाही, आणि ते उरलेलं नाही हेही त्यांना कळत नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. तो गाडी काढायला धावला. इतके दिवस ती ताट फिरवत होती आणि हसत होती.

चित्रकार दालनाच्या मधोमध खुर्चीवर बसला होता. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने पाहिलं नाही. तिने हाक मारली, तर तो उजवीकडे तिला शोधू लागला.

ती वळसा घालून उजवीकडे आली आणि त्याच्या गुडघ्याशी बसली. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. मग भिंतीवरच्या तिच्या चित्राकडे नजर गेली तसा तो चेहरा पुन्हा उतरला.

"पहिल्यांदाच काही गंमत केली नाही गं," तो म्हणाला. "आहेस तशी काढली, दोन्ही डोळ्यांसकट. मग तू रुसलीस का?"