मुलाचा गुडघा

तीन मोसम उन्मेष लंडनच्या व्यावसायिक संघातून अमेरिकन फुटबॉल खेळला. चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या धिप्पाडांत घुसायचं, हे त्याचं काम. साउथहॅम्प्टनला हाडांचे सर्जन असलेले त्याचे बाबा एकाही मॅचकडे फिरकले नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलंच, तर "लंडनला असतो" एवढंच सांगायचे.

सत्त्याण्णव साली उन्मेषच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं आणि करिअर संपलं. बाबा पहिल्यांदाच धावत आले. आल्या आल्या त्यांनी स्कॅन मागून घेतले.

"मॅचची कॅसेट पण देऊ, बाबा?"

"ती काय करायचीय?"

 

महिन्याभराने सर्जनांच्या परिषदेत पडद्यावर तो गुडघा झळकला, आणि कुबड्या सांभाळत मागे बसलेल्या उन्मेषने ऐकलं, बाबा छाती फुगवून सांगत होते, "हा माझा मुलगा!"