अर्धा वाडगा

“समोरून उजेड टाकलास की सूप चिखलासारखं दिसतं,” सासरे म्हणाले. “वाडगा खिडकी आणि कॅमेऱ्याच्या मधे घे. उजेड मागून आला तरच वाफ दिसते.”

सुनेनं नकली वाडगा सरकवला. नकली म्हणजे नुसत्या पाण्याचा. सगळी मांडामांड त्याच्यावर करायची. सावली, चमच्याचा कोन, रुमालाची घडी मनासारखी झाली की मगच खरं, गरम सूप आणायचं. सासऱ्यांची ही जन्माची रीत. उभं आयुष्य त्यांनी जाहिरातींसाठी खाण्याचे फोटो काढले होते. दाढीचा फेस साय म्हणून खपवला होता आणि गाडीचं तेल मध म्हणून.

सासूबाई गेल्या आणि कॅमेरा कपाटात गेला. खोलीचं दार दिवसभर लोटलेलं असायचं. जेवायला हाक मारली की उत्तर यायचं, “तुम्ही घ्या, मला भूक नाही.”

नवरा कामासाठी परगावी. तिकडून त्यानंच फोनवर तोडगा सुचवला. “बाबांना कामाला लाव. सांग, एका प्रकाशिकेला घरगुती जेवणाच्या फोटोंचं पुस्तक काढायचंय. रांधायचं तू, फोटो त्यांनी काढायचे. कामाच्या निमित्तानं चार घास तरी पोटात जातील.”

ती स्वतः नुकतीच इस्पितळातून घरी आली होती. अंगात त्राण नव्हतं आणि कुठलाही घास तोंडात नुसता फिरायचा. तरी तिनं हे काम आनंदानं अंगावर घेतलं. तिच्या दुखण्यात प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय सुजेपर्यंत, उशाशी बसून राहिले ते हे सासरेच. त्यांचे पांग फेडायची अशी संधी पुन्हा कुठून येणार?

थापा मारायला ती फार लवकर शिकली. प्रकाशिका चष्मा लावते, चहा घेत नाही, वेळेची पक्की आहे.

“आणि दाढीचा फेस चालेल का त्यांना?” सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“छे. सगळं खरं हवं.”

“बाई हुशार दिसतात. मग ठरलं. सगळं खरं, गरम आणि खाण्याजोगं.”

आताही तिनं गरम सूप आणून ठेवलं. खिडकीच्या उजेडात वाफ पिंजलेल्या कापसासारखी वर चढली. त्यांनी भराभर फोटो घेतले आणि मान वर केली.

“आता अर्धं संपव.”

“मी कशाला?”

“भरलेला वाडगा हॉटेलातला, अर्धा वाडगा घरातला. पुस्तक घरगुती आहे ना? आणि पावालाही चावा हवा.”

“पाव मी सुरीनं कापते.”

“सुरीचा चावा शेंबडं पोरही ओळखेल.”

“मग तुम्ही चावा.”

“माझे दात कारखान्यातले. चावा पट्टीनं आखल्यासारखा पडतो.”

ती हसली. पण तीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. “माझ्या एका घासाला तुमचे दोन. नाहीतर बाईंना सांगेन, फोटोग्राफर आडमुठा आहे.”

“सांग, सांग,” ते चमचा उचलत म्हणाले. “बाई भेटल्या तर मलाही दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी.”

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “बाबांनी आज किती खाल्लं?”

“सूप, आणि वर पावाचे दोन तुकडे.”

“तू आहेस म्हणून गं.”

“माझं काय त्यात? तेच लहान मुलासारखे ऐकतात.”

सूप झालं, ऑम्लेट झालं, भाजलेली सफरचंदं झाली. सासरे रोज दाढी करू लागले. आज काय रांधणार, हे सकाळीच विचारू लागले. प्रत्येक फोटोत कडेला तिचा हात असायलाच हवा, असा त्यांचा हट्ट होता. “हाताशिवाय ताट पोरकं दिसतं.” सुरुवातीला तिचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जायचं आणि फोटो पुन्हा घ्यावा लागायचा. आता पट्टा जागेवर राहत होता.

दुपारी कधी त्यांचा जुना फोन वाजे आणि ते गॅलरीत जाऊन दोन मिनिटं बोलून येत.

“कोण होतं?”

“लेन्सवाला.”

“रोज काय विकतो तो तुम्हाला?”

“विकत नाही. चौकशी करतो बिचारा.”

तिला त्यांच्याकडे बघून भरून यायचं. माणूस परत आला होता. फक्त ते नसलेलं पुस्तक तिला टोचत होतं. मुखपृष्ठावर कुठला फोटो घ्यायचा, याचा ते आता गंभीरपणे विचार करत होते. हे उघडं पडलं तर? अपमान वाटून पुन्हा दार लावून बसले तर? दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगून टाकलेलं बरं.

त्या दुपारी तिनं ताज्या पावावर लोणी लावलं, पाव फळीवर ठेवला आणि न सांगता मोठा चावा घेतला. मग दुसरा. भूक लागली होती.

सासऱ्यांनी थर्माकोलचा पांढरा तक्ता दोन्ही हातांनी धरला होता, सावली उजळायला. ते तिच्याकडे बघत राहिले. फोटो घ्यायचं विसरले.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या पुस्तकाबद्दल मला काहीतरी सांगायचंय. रागावू नका.”

“रागावेन कशाला?”

“त्या प्रकाशिका…”

खिडकीत त्यांचा फोन वाजला.

“घे गं तेवढा, माझे हात अडकलेत,” ते म्हणाले. “लेन्सवाला असेल. आज तूच बोल त्याच्याशी.”

हाताला लोणी होतं. तिनं बोटाच्या पेरानं बटण दाबलं आणि फोन कानाशी नेला. ती काही बोलायच्या आत पलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

“बाबा, आज किती खाल्लं तिनं?”